जायचं विमानानं, पण परतीची वाट जमिनीवरची बघून ठेवा

मागच्या पंधरवड्यात किल्लारीकडचे एक द्राक्ष बागायतदार काका माझ्याकडं आले. हातात किराणा दुकानातली प्लास्टिकची पिशवी, पिशवीत रबर लावून बांधलेले अकरा पासपोर्ट. अकरा शेतकऱ्यांचा गट ठिबक आणि पाण्याचा पुनर्वापर बघायला इस्रायलला जाणार होता. ही सहल त्यांनी आधीच दोनदा पुढं ढकलली होती. खुर्चीत टेकायच्या आधीच त्यांनी विचारलं, "टीव्हीवर तर रोज काही ना काही दाखवायलेत. जावं का नाही, तेवढं एका शब्दात सांगा."

लातुरात मी बारा वर्षं लोकांची व्हिसा-तिकिटाची कागदपत्रं करून देतो. हा प्रश्न मला अनेकांनी विचारला आहे. मुलाला डॉक्टरीसाठी युक्रेनला पाठवलेल्या वडिलांनी, इराकमधल्या कर्बलेच्या जियारतीला निघालेल्या कुटुंबानं, पशुपतिनाथाला बस घेऊन जाणाऱ्या यात्रावाल्यानं. एका शब्दात उत्तर मला कधीच देता आलेलं नाही. काकांना मी उलट विचारलं, "काका, तिथं पोचल्यावर चौथ्या दिवशी विमानं बंद झाली, तर घरी कसं येणार?"

ते क्षणभर थांबले. म्हणाले, "टूरवाला बघंल की."

अडचण इथंच आहे. टूरवाला चांगला असेल, प्रामाणिकही असेल, पण बंद झालेलं आभाळ त्याला उघडता येत नाही. संघर्ष चालू असलेल्या देशात जाणाऱ्यानं बाँब कुठं पडतात याची काळजी करावीच, पण त्याआधी एक गोष्ट कागदावर लिहून काढावी: विमान नसेल तर कोणत्या सीमेनं बाहेर पडायचं, आणि ती सीमा आपल्याला, भारतीय पासपोर्टवाल्याला, ओलांडू देईल का.

आभाळ सगळ्यात आधी बंद होतं

युद्ध पेटलं की पहिल्या काही तासांत बंद होते ती हवाई हद्द. म्हणजे त्या देशावरून एकही प्रवासी विमान उडवायचं नाही, असा आदेश निघतो. २४ फेब्रुवारी २०२२ ला पहाटे रशियाचा हल्ला सुरू झाला आणि त्याच सकाळी युक्रेनची हवाई हद्द बंद झाली. आपल्या मुलांना आणायला निघालेलं एअर इंडियाचं विमान अर्ध्या वाटेतून दिल्लीला परतलं. १३ जून २०२५ ला इस्रायलनं इराणवर हल्ला केला, तेव्हा दोन्ही देशांचं आभाळ बंद झालं. इस्रायलमध्ये त्या वेळी सुमारे ४० हजार परदेशी पर्यटक अडकले होते.

एवढी घाई का करतात, ते समजून घेतलं की पुढचं सगळं सोपं होतं. १७ जुलै २०१४ ला पूर्व युक्रेनवरून जाणारं मलेशियाचं प्रवासी विमान क्षेपणास्त्रानं पाडलं गेलं, २९८ माणसं गेली. ८ जानेवारी २०२० ला तेहरानहून निघालेलं युक्रेनचं विमान इराणच्याच हवाई संरक्षण दलानं चुकून पाडलं, १७६ जण गेले. दोन्ही वेळा विमानात साधी प्रवासी माणसं होती. तेव्हापासून विमान कंपन्या सहसा धोका पत्करत नाहीत. बऱ्याचदा सरकारनं हद्द बंद करायच्या आधीच त्या स्वतःहून फेऱ्या थांबवतात. ४ मे २०२५ ला येमेनहून आलेलं एक क्षेपणास्त्र तेल अवीवच्या बेन गुरियन विमानतळाजवळ पडलं. विमानतळ काही वेळातच पुन्हा सुरू झाला, पण दिल्लीहून निघालेलं एअर इंडियाचं विमान अबू धाबीला वळवलं गेलं आणि अनेक कंपन्यांनी पुढचे काही दिवस, काहींनी काही आठवडे, तिकडं विमानच पाठवलं नाही. म्हणून "विमानतळ चालू आहे" या बातमीवर विसंबू नका. आपली कंपनी उडते आहे का, ते बघा.

आणखी एक गोष्ट लोकांच्या लक्षात येत नाही. युद्ध तुम्ही जाता त्या देशात नसलं, तरी वाटेतल्या देशाचं आभाळ बंद होऊ शकतं. २३ जून २०२५ ला इराणनं कतारमधल्या अमेरिकी तळावर क्षेपणास्त्रं सोडली, त्या संध्याकाळी कतारनं हवाई हद्द काही तास बंद ठेवली. दोहामार्गे लंडनला, अमेरिकेला निघालेले लोक भलत्याच विमानतळांवर उतरले. त्यांचा त्या भांडणाशी काडीचा संबंध नव्हता.

त्यामुळं तिकीट काढताना जाता-येताचा सगळा प्रवास एकाच बुकिंगवर असू द्या. मुंबई ते दुबई एका कंपनीचं स्वस्त तिकीट आणि दुबईपासून पुढं दुसऱ्या कंपनीचं, असं जोडकाम केलं आणि पुढची फेरी रद्द झाली, तर पहिली कंपनी म्हणते, आम्ही तर उडालो. कंपनीनं स्वतः फेरी रद्द केली तर पैसे परत मिळतात किंवा तारीख बदलून मिळते. तुम्ही स्वतः रद्द केलं तर कापून मिळतात. त्यामुळं कंपनी कधी रद्द करते याची वाट बघत बसणारे लोक मी पाहिले आहेत. अजून घरीच असाल तर ती वाट बघणं ठीक आहे. त्या देशात असाल, तर पाच-दहा हजारांसाठी एक दिवससुद्धा थांबू नका.

नकाशावरची रेघ आणि उघडं फाटक

काकांच्या पुढ्यात मी नकाशा उघडला. इस्रायलचं क्षेत्रफळ साधारण २२ हजार चौरस किलोमीटर, म्हणजे आपल्या मराठवाड्याच्या एक तृतीयांश. काका म्हणाले, "मग काय, एवढासा देश, कुठूनबी निघता येईल." नकाशावर चार शेजारी दिसतात: लेबनॉन, सीरिया, जॉर्डन, इजिप्त. पण लेबनॉन आणि सीरियाकडची सीमा पर्यटकाला बंदच असते, युद्ध असो वा नसो. राहिले दोन. जून २०२५ मध्ये इस्रायलमधल्या भारतीयांना याच दोन वाटांनी बाहेर काढलं, जॉर्डनमार्गे आणि इजिप्तमार्गे, आणि तिथून विमानानं भारतात आणलं. त्या मोहिमेचं नाव 'ऑपरेशन सिंधू'. इराण आणि इस्रायल मिळून ४ हजारांहून जास्त लोक त्यात परत आले.

आता त्या दोन वाटांकडं जरा जवळून बघू, कारण खरी मेख तिथं आहे. जॉर्डनकडं जायला तीन चौक्या आहेत. जेरुसलेमला सगळ्यात जवळची किंग हुसेन पूल, तिलाच ॲलनबी म्हणतात. उत्तरेला शेख हुसेन. अगदी दक्षिणेला, एलात शहराजवळ, वादी अराबा. जवळची म्हणून सगळे पहिल्या चौकीकडं धावतात. पण किंग हुसेन पुलावर जॉर्डनचा व्हिसा जागेवर मिळत नाही, तो आधी काढलेला लागतो. म्हणजे जवळच्या वाटेनं गेलेला माणूस परत फिरतो आणि जवळपास शंभर किलोमीटर उत्तरेच्या शेख हुसेन चौकीकडं निघतो. इजिप्तसाठी ताबा नावाची चौकी आहे, ती तेल अवीवपासून साडेतीनशे किलोमीटरवर, आणि आपल्या लोकांना इजिप्तचा व्हिसा साधारणपणे आधीच काढून ठेवावा लागतो.

शिवाय फाटकाला वेळ असते. शुक्रवारी दुपारनंतर आणि शनिवारी तिथं शब्बाथ, धार्मिक सुट्टी. सार्वजनिक बस जवळपास बंद असतात, किंग हुसेन पूल लवकर बंद होतो. योम किप्पूरच्या, म्हणजे ज्यूंच्या मोठ्या उपवासाच्या, दिवशी सगळंच थांबतं. आणि एखाद्या घटनेनं फाटक अचानकही मिटतं. ८ सप्टेंबर २०२४ ला ॲलनबीवर गोळीबारात तीन जण मारले गेले, तेव्हा जॉर्डनकडच्या तिन्ही चौक्या बंद केल्या होत्या. म्हणून मी नेहमी सांगतो, एक वाट म्हणजे वाट नव्हे. दोन लिहून ठेवा. दोन्हींसमोर वेळ, व्हिसा आणि तिथपर्यंत जायचं भाडं लिहा.

इराणचं उदाहरण याहून बोलकं आहे. नकाशावर इराणला सात देशांच्या सीमा लागतात. जून २०२५ मध्ये तेहरानहून उत्तरेला सगळ्यात सोयीचा दिसणारा शेजारी होता अझरबैजान. पण अझरबैजाननं आपल्या जमिनीवरच्या सीमा २०२० च्या कोरोनापासून सर्वसाधारण प्रवाशांसाठी बंदच ठेवल्या होत्या. परदेशी लोकांना खास परवानगी काढून जावं लागलं. आपल्या सरकारनं इराणच्या उर्मिया शहरातल्या ११० विद्यार्थ्यांना रस्त्यानं आर्मेनियात नेलं, तिथली राजधानी येरेवानहून विमानात बसवलं आणि १९ जूनला ते दिल्लीत उतरले. काही जण तुर्कमेनिस्तानमार्गे आले. पुढं इराणनं खास भारतीयांच्या विमानांसाठी मशहदचा विमानतळ उघडला, तेव्हा वेग आला.

सुदानमध्ये २०२३ च्या एप्रिलमध्ये तर जमिनीची वाट समुद्राला जाऊन मिळाली. राजधानी खार्तूमच्या विमानतळावरच लढाई सुरू होती. आपल्या लोकांना बसमध्ये बसवून आठशेहून जास्त किलोमीटर पोर्ट सुदानला नेलं, तिथून नौदलाच्या जहाजानं आणि हवाई दलाच्या विमानानं सौदीतल्या जेद्दाला, तिथून घरी. लातूरहून बसनं निघून थेट सुरतेच्या पुढं जावं, एवढं ते अंतर, आणि वाटेत जागोजाग बंदूकवाल्यांचे नाके.

या मोहिमांचा मला अभिमान आहे. १९९० मध्ये कुवेतमधून लाखाहून जास्त भारतीयांना जॉर्डनच्या अम्मानमार्गे आणलं, तेव्हापासून आपल्या देशानं हे काम वारंवार करून दाखवलं आहे. पण ती मदत असते, तिकिटासारखी हमी नसते. ती सुरू व्हायला काही दिवस लागतात, आणि त्या दिवसांत तुमच्याकडं तुमचेच कागद, तुमचेच पैसे आणि तुमचंच डोकं असतं.

दूतावासाची सूचना कशी वाचायची

परराष्ट्र मंत्रालय आणि तिथला भारतीय दूतावास वेळोवेळी सूचना काढतात. त्यांची भाषा फार मऊ असते, त्यामुळं आपली माणसं फसतात. १५ फेब्रुवारी २०२२ ला युक्रेनच्या राजधानीतल्या, कीवच्या, दूतावासानं सांगितलं होतं की ज्यांचं राहणं अत्यावश्यक नाही त्यांनी, विशेषतः विद्यार्थ्यांनी, तात्पुरतं बाहेर पडण्याचा विचार करावा. 'विचार करावा.' त्या आठवड्यात माझ्याकडं एक वडील येऊन बसले होते, त्यांचा मुलगा तिथं तिसऱ्या वर्षाला. कॉलेज सुट्टी देत नाही, तिकीट महाग झालंय, म्हणून त्यांनी महिन्याच्या शेवटचं तिकीट धरलं. नऊ दिवसांनी युद्ध सुरू झालं. तो मुलगा पुढं दोन दिवस रेल्वेत उभा राहून आणि थंडीत चालून सीमेपर्यंत पोचला. परत आला तेव्हा पायांचे तळवे सुजलेले होते. मी त्या वडिलांना तेव्हा ठामपणे 'आत्ताच बोलवा' असं सांगायला हवं होतं.

म्हणून आता मी सूचना अशी समजावतो. 'सतर्क राहा, दूतावासाच्या संपर्कात राहा' असं असेल तर जाता येईल, पण परतीची दुसरी वाट लिहूनच. 'अनावश्यक प्रवास टाळा' असं असेल, तर स्वतःला प्रामाणिकपणे विचारा, माझं जाणं आवश्यक आहे का. लेकीचं बाळंतपण, नोकरीवर हजर होणं, हे आवश्यक. अभ्यास सहल, देवदर्शन, फिरणं, हे कितीही मनात असलं तरी थांबू शकतं. आणि 'विमानं चालू आहेत तोवर निघा' किंवा 'मिळेल त्या साधनानं बाहेर पडा' असे शब्द दिसले, की ते दूतावासानं आवाज चढवून बोलण्यासारखं आहे. त्या दिवशी बॅग भरायची.

याच्या उलट सूचनासुद्धा येते, आणि ती मोडणं तितकंच धोक्याचं. २६ फेब्रुवारी २०२२ ला दूतावासानं सांगितलं की आधी आमच्याशी बोलल्याशिवाय सीमेकडं निघू नका. कारण पोलंडच्या सीमेवर कडाक्याच्या थंडीत हजारो लोकांची रांग लागली होती आणि मुलं रात्र-रात्र उघड्यावर उभी होती. सीमा उघडी असणं आणि सीमेवर पोचणं शहाणपणाचं असणं, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. शेवटी पोलंड, हंगेरी, रोमानिया, स्लोव्हाकिया, मोल्दोवा अशा पाच देशांतून मिळून सुमारे २२,५०० भारतीय परत आले. पोलंडनं तेव्हा आपल्या मुलांना व्हिसाशिवाय आत घेतलं. युद्धात असे नियम सैल होतात, पण ते होतीलच असं धरून घरून निघायचं नाही.

पोचलेल्या दिवशीच दूतावासाकडं नाव नोंदवा. फॉर्म त्यांच्या संकेतस्थळावर असतो. परदेशात अडचणीत आलेल्यांसाठी परराष्ट्र मंत्रालयाचं 'मदद' नावाचं पोर्टल आहे. घरच्यांनी इकडं जिल्हाधिकारी कार्यालयाच्या आपत्ती कक्षाला, १०७७ वर, कळवून ठेवावं.

भोंगा वाजला तर

इथं मी काकांना मुद्दाम वेगळं सांगितलं, कारण ते किल्लारीकडचे. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे भूकंप झाला तेव्हा ते बारा वर्षांचे होते. आमच्या भागात त्या रात्रीनंतर एक गोष्ट हाडात बसली आहे: काही हादरलं, काही मोठा आवाज झाला, की घराबाहेर पळायचं, मोकळ्यावर. माझी आई आजही ढग गडगडले तरी दाराकडं बघते.

क्षेपणास्त्राचा भोंगा वाजल्यावर याच्या नेमकं उलट करायचं असतं. आत जायचं. मोकळ्यावर माणूस मरतो तो उडालेल्या तुकड्यांनी आणि काचांनी. इस्रायलमध्ये नव्या घरांना जाड काँक्रीटच्या भिंती आणि लोखंडी दार-खिडकी असलेली एक खोली कायद्यानं बांधावी लागते, तिला 'ममाद' म्हणतात. सार्वजनिक आश्रयस्थानाला 'मिक्लात'. हॉटेलात पोचल्यावर किल्ली हातात घेतानाच विचारा, मिक्लात कुठं आहे, आणि एकदा चालत जाऊन बघून या. भोंगा वाजल्यापासून तेल अवीव आणि जेरुसलेममध्ये साधारण ९० सेकंद मिळतात, गाझाच्या जवळच्या गावांत १५ सेकंद, लेबनॉनच्या सीमेलगत तेवढेही नाहीत. चौथ्या मजल्यावर पायात चपला शोधत बसलात की ९० सेकंद संपतात. लिफ्ट वापरायची नाही.

आश्रयस्थान नसेल तर इमारतीचा आतला जिना, खिडक्यांपासून लांब. रस्त्यावर गाडीत असाल तर गाडी कडेला लावून उतरा, जवळ इमारत नसेल तर गाडीपासून लांब जमिनीवर पालथं पडून दोन्ही हात डोक्यावर ठेवा. दहा मिनिटं तसंच, आणि मग उठल्यावर जमिनीवरचा धातूचा तुकडा उचलू नका, आठवण म्हणूनही नको. तिथल्या होम फ्रंट कमांडचं, म्हणजे नागरिकांच्या संरक्षणाचं काम बघणाऱ्या लष्करी विभागाचं, मोबाइल ॲप इशारा देतं, ते उतरल्या उतरल्या घ्या.

काकांनी हे सगळं ऐकलं आणि हळूच म्हणाले, "म्हणजे आमचे पाय जिकडं पळायलेत, त्याच्या उलटं." त्यांच्या गटातल्या अकरापैकी सात जण भूकंपाच्या गावांतले. मी त्यांना सांगितलं, हे एक वाक्य त्या सातही जणांना समोर बसवून सांगा, फोनवर नको.

पडझडीचे फोटो काढून गावच्या ग्रुपवर टाकायचा मोह आवरा. कुठं काय पडलं ते दाखवणं इस्रायलमध्येही मनाई असतं आणि इराणमध्ये तर हेरगिरीचा आळ येऊ शकतो. चौकी, सैनिक, पूल, विमानतळ, यांचेही फोटो नकोत.

कनवटीला काय असावं

आता त्या रबर लावलेल्या अकरा पासपोर्टांकडं येतो. टूरचा प्रमुख सगळ्यांचे पासपोर्ट एका पिशवीत ठेवतो, ही आपल्याकडची जुनी सवय. विमानतळावर सोयीची वाटते. पण भोंगा वाजून गट दोन इमारतींत विभागला, किंवा प्रमुखच दवाखान्यात पडला, तर बाकीचे दहा जण कागदाविना. पासपोर्ट ज्याचा त्याच्या अंगावर, झोपतानासुद्धा. वारीत म्हाताऱ्या माणसाच्या खिशात नाव-गावाची चिठ्ठी ठेवतात ना, तशी एक चिठ्ठी बरोबर: नाव, रक्तगट, दूतावासाचा नंबर, हॉटेलचा पत्ता तिथल्या लिपीत, घरचे दोन नंबर. मोबाइलमध्ये नंबर आहेत म्हणाल, तर जून २०२५ मध्ये इराणमधलं इंटरनेट काही दिवस जवळपास पूर्ण बंद होतं.

मोबाइलचा नकाशासुद्धा दगा देतो. शत्रूच्या ड्रोनची वाट चुकावी म्हणून सैन्य उपग्रहाचा सिग्नल बिघडवतं. २०२४ मध्ये उत्तर इस्रायलमधल्या, कधी तेल अवीवमधल्याही, लोकांना आपला फोन लेबनॉनमधल्या बैरूतच्या विमानतळावर आहे असं दिसत होतं. अशा वेळी टॅक्सीचं ॲप चुकतं, रस्ता चुकतो. कागदी नकाशा घ्या आणि मोठ्या रस्त्यांची नावं वाचायला शिका.

पासपोर्टची मुदत परतीच्या तारखेपुढं सहा महिने हवी, नाही तर शेजारचा देश आत घेत नाही. इस्रायल २०१३ पासून पासपोर्टवर शिक्का न मारता छोटा कागद देतं, तो परत निघेपर्यंत जपा. पासपोर्ट हरवलाच तर दूतावास आपत्कालीन प्रमाणपत्र देतो, त्यावर फक्त भारतात परतता येतं. त्यासाठी पासपोर्टची झेरॉक्स आणि दोन फोटो वेगळ्या ठिकाणी ठेवलेले असले की काम लवकर होतं.

रोख अमेरिकी डॉलर, लहान नोटांत. इराणमध्ये आपली कार्डं चालतच नाहीत, आणि युद्धात कुठंही एटीएमपुढं रांग लागते. सीमा ओलांडताना बाहेर पडण्याचं शुल्क, पलीकडं टॅक्सी, एक रात्र मुक्काम, एवढं प्रत्येकाकडं वेगळं असावं. बीपी-शुगरच्या गोळ्या ठरलेल्या दिवसांपेक्षा पंधरा दिवस जास्तीच्या, डॉक्टरच्या चिठ्ठीसह. ट्रॅमाडॉलसारखी दुखण्याची गोळी मात्र सोबत नको. आपल्याकडं चिठ्ठीवर मिळते, पण इजिप्त आणि अमिरातीत तिच्यावर कडक बंधन आहे, आणि ऐनवेळी तुमची सुटकेची वाट त्याच देशांतून जाऊ शकते.

विम्याबद्दल एवढंच सांगतो, पण नीट ऐका. परदेश प्रवासाच्या बहुतेक पॉलिसींत युद्ध, गृहयुद्ध, युद्धसदृश कारवाई यांनी झालेलं नुकसान वगळलेलं असतं. हृदयविकार आला तर खर्च मिळेल, क्षेपणास्त्रानं पाय गेला तर मिळणार नाही. सरकारनं 'जाऊ नका' म्हटल्यावर गेलात तर उरलेलंही अडकू शकतं. एजंटाच्या तोंडी शब्दावर जाऊ नका, वगळलेल्या गोष्टींचं पान समोर उघडून वाचायला लावा.

परदेश म्हणजे फक्त लांबचा देश नव्हे

नेपाळला जाताना आपली माणसं हे काहीच करत नाहीत. आपलाच देश समजून बसमध्ये बसतात, सोबत भाकरी-चटणी आणि आधार कार्ड. ८ आणि ९ सप्टेंबर २०२५ ला काठमांडूत तरुणांचं आंदोलन पेटलं, संसद जळाली, संचारबंदी लागली, त्रिभुवन विमानतळ बंद झाला. यात्रेकरूंच्या बस जागच्या जागी थांबल्या. सीमेवरच्या सोनौली आणि रक्सौलकडची वाट कधी उघडते, याकडं लोक डोळे लावून बसले. नेपाळला व्हिसा लागत नाही, पण ओळख म्हणून पासपोर्ट किंवा मतदार ओळखपत्र असावं लागतं. आधार अधिकृतपणे फक्त १५ पेक्षा लहान आणि ६५ पेक्षा मोठ्यांना चालतं. एरवी सीमेवर कुणी विचारत नाही. गडबडीच्या दिवशी विमानात बसताना नक्की विचारतात.

नांदेडच्या भाविकांना हे सांगायची गरज नाही, त्यांनी अनुभवलंय. सचखंड एक्स्प्रेसनं अमृतसर आणि पुढं अटारीहून पाकिस्तानातलं ननकाना साहिब, किंवा डेरा बाबा नानकहून करतारपूर, ही कितीजणांची आयुष्यभराची इच्छा. पहलगामच्या हल्ल्यानंतर २३ एप्रिल २०२५ ला अटारीची चौकी बंद झाल्याचं जाहीर झालं, दुसऱ्या दिवशी पाकिस्ताननंही वाघ्याची बाजू मिटवली. पलीकडं गेलेल्यांना परतायला जेमतेम आठवड्याची मुदत. करतारपूरचा मार्ग ७ मे रोजी थांबला. अशा वेळी ज्याच्या व्हिसावर शेवटचे दोन दिवस उरलेत, त्याच्या जिवाची घालमेल काय होत असेल. म्हणून तणाव असलेल्या शेजारी देशात जाताना व्हिसाच्या अगदी शेवटच्या तारखेला परतीचं ठेवू नका, चार-पाच दिवस हातात राखा.

काका चार दिवसांनी परत आले. तिकीट अजून काढलेलं नव्हतं. दूतावासाची सूचना त्यांनी मुलाकडून रोज वाचून घेतली होती आणि गटातल्या सगळ्यांनी ठरवलं होतं, 'अनावश्यक प्रवास टाळा' हे शब्द सूचनेतून काढले जाईपर्यंत थांबायचं, द्राक्षाची छाटणी उरकून घ्यायची. पण पासपोर्ट आता रबरात नव्हते. काकूंनी जुन्या नऊवारीच्या काठाच्या अकरा नाडीवाल्या पिशव्या शिवून दिल्या होत्या, प्रत्येकीवर दोऱ्यानं एकेक नाव. एका पिशवीत हात घालून काकांनी घडी केलेला कोरा कागद बाहेर काढला.

"आमच्या घरची म्हणली, त्या दोन वाटा कोणच्या, चौकीचं नाव, वेळ, सगळं मराठीत लिहून द्या. ती एक देवघराशेजारी चिटकवणार हाय. म्हणती, फोन लागला नाही तर निदान तुम्ही कुण्या बाजूनं येऊ लागलाव ते मला कळू द्या."

मी पेन उघडलं आणि वरच्या ओळीत लिहिलं: शेख हुसेन.